नामावळीच्या वहीपासून मोबाइलपर्यंत : सोलापूर परिसरातील व्यक्तिगत माहितीच्या नोंदीचा इतिहास

प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात असलेले नातेपुते हे पंढरपूरच्या वाटेवरील गाव असून आषाढी वारीत श्री ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा येथे मुक्काम असतो. वारकऱ्यांच्या आणि गावकऱ्यांच्या हातात आता मोबाइल असतो. ठिबक सिंचनाच्या संचाची किंमत शोधणाऱ्या शेतकऱ्यास थोड्याच वेळात पाइप, पंप आणि कर्जाच्या जाहिराती दिसू लागतात. आपण काय शोधले हे जाहिरातदारास कसे कळले, हा प्रश्न त्याच्या मनात येतो. परंतु विचारावा कोणाला, हे त्यास ठाऊक नसते. हा प्रश्न तंत्रज्ञानाचा आहे तितकाच इतिहासाचाही आहे. माणसाची माहिती कोणी घेतली, कशासाठी घेतली आणि ती देताना त्याची संमती होती काय, या तीन कसोट्यांवर या परिसरातील नोंदींचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

तीर्थोपाध्यायांची नामावळी

पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर इत्यादी क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या वह्या असत. गाव, कुळ, आडनाव, वाडवडिलांची नावे, कोण कधी आले, कोणाचे श्राद्ध झाले, अशा नोंदी त्यांत केल्या जात. पुढच्या पिढीतील यात्रेकरू आला की उपाध्याय वही काढून त्याच्या पणजोबांचे नाव वाचून दाखवीत. त्या ओळखीवरच निवास, पूजा आणि दक्षिणेचा व्यवहार चाले. ग्राहकाची माहिती जपून त्यास सेवा देण्याचीच ही पद्धत होती.

मात्र या पद्धतीचे केवळ गुणगान करणे इतिहासास धरून होणार नाही. यजमानवृत्ती ही उपाध्यायाची मिळकत मानली जाई. तिची भावाभावांत वाटणी होई, ती गहाण पडे, विकलीही जाई. म्हणजे माणसांच्या माहितीला पैशाचे मोल असते, हे आपल्या समाजास फार पूर्वीपासून ठाऊक होते. तरीही दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. यात्रेकरू आपली माहिती स्वतः सांगत असे आणि वहीत काय लिहिले आहे हे त्यास पाहता येत असे.

सेटलमेंटची हजेरी

याच जिल्ह्यात नोंदीचा अगदी निराळा प्रकारही घडला. ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढून मुंबई इलाख्यातील अनेक भटक्या जमाती त्याच्या कक्षेत आल्या. सोलापूर येथे या जमातींसाठी तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली. शहरातील ‘सेटलमेंट’ हे नाव त्याच इतिहासाची खूण आहे. जन्माने विशिष्ट जमातीचा असणे एवढ्याच कारणावरून माणसाचे नाव नोंदवहीत चढे. त्याच्या बोटांचे ठसे घेतले जात, ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे आणि बाहेर जाण्यास परवाना लागे. येथे माहिती मागितली जात नव्हती, घेतली जात होती. नोंद चुकीची असली तरी ती खोडून घेण्याचा मार्ग सामान्य माणसास खुला नव्हता.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हटल्या जाऊ लागल्या. नोंदवही मिटली, तरी तिने चिकटवलेला शिक्का मिटण्यास पुढे अनेक दशके पुरली नाहीत. एखाद्या समूहाविषयीच्या माहितीवरून त्यातील प्रत्येक व्यक्तीचे वर्तन आधीच गृहीत धरणे, हा या कायद्याचा गाभा होता. आजच्या संगणकीय वर्गीकरणाचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

घटना आणि न्यायालये

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात व्यक्ती, घर आणि कागदपत्रे यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण देणारे कलम सुचविले होते. ते घटनेच्या मूलभूत हक्कांत आले नाही. १९५४ च्या एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमकी हीच उणीव दाखवून खासगीपणाचा हक्क मानण्यास नकार दिला. १९६२ मध्ये खरकसिंग खटल्यात पोलिसांच्या रात्रीच्या घरभेटी अवैध ठरल्या, पण खासगीपणास मूलभूत हक्काचे स्थान मिळाले नाही. १९७२ च्या मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या मुंबईतील प्रकरणात ध्वनिमुद्रित दूरध्वनी संभाषण पुरावा म्हणून ग्राह्य धरण्यात आले. मात्र निरपराध नागरिकाच्या संभाषणास न्यायालये संरक्षण देतील, असेही न्यायालयाने नमूद केले.

अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. या खटल्यास निमित्त झालेल्या आधार योजनेचा आरंभही महाराष्ट्रातच झाला होता. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात पहिले आधार क्रमांक देण्यात आले. पुढे २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने आधार कायदा वैध ठरविला. परंतु खासगी संस्थांना कराराच्या आधारे आधार वापरण्याची मुभा रद्द केली आणि शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, असे स्पष्ट केले.

जाहिरातीची नवी वही

वृत्तपत्रातील जाहिरात सर्व वाचकांना एकसारखी दिसते. संगणकीय जाहिरात मात्र व्यक्ती पाहून बदलते. १९९४ मध्ये ‘कुकी’ हे तंत्र आले आणि संकेतस्थळास पूर्वी येऊन गेलेला संगणक ओळखता येऊ लागला. पुढे शोधलेले शब्द, ठिकाण, खरेदी आणि पाहिलेली चित्रे यांवरून प्रत्येकाची एक अदृश्य वही तयार होऊ लागली. पान उघडण्याच्या क्षणार्धात त्या वहीच्या आधारे जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो. या माहितीचा उपयोग वस्तू विकण्यापुरता राहत नाही, हे २०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणाने दाखविले. भारतातील सुमारे ५ लाख ६२ हजार वापरकर्त्यांची माहिती त्यात गेली असण्याची शक्यता फेसबुकने तेव्हा मान्य केली होती. व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या धोरणात वापरकर्त्यास माहितीच्या देवाणघेवाणीस नकार देण्याचा पर्याय नव्हता. या कारणास्तव भारतीय स्पर्धा आयोगाने १८ नोव्हेंबर २०२४ रोजी मेटा कंपनीस २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. नकार देता येत नसेल तर होकारास अर्थ उरत नाही, हे तत्त्व त्यामागे दिसते.

२०२३ चा कायदा आणि महाविद्यालये

ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा संमत झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. माहिती विशिष्ट हेतूसाठी आणि स्पष्ट संमतीने घ्यावी, चूक दुरुस्त करण्याचा आणि माहिती पुसून घेण्याचा हक्क व्यक्तीस असावा, ही त्याची सूत्रे आहेत. अठरा वर्षांखालील मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना त्यात मनाई आहे. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. मात्र शासकीय यंत्रणांना दिलेल्या विस्तृत सवलती आणि माहिती अधिकार कायद्यात केलेली दुरुस्ती यांवर रास्त टीका झाली आहे. सेटलमेंटचा इतिहास पाहता राज्यसंस्थेच्या नोंदवहीकडे दुर्लक्ष करणारे संरक्षण अपुरेच ठरते.

ग्रामीण महाविद्यालयेही या चर्चेबाहेर नाहीत. प्रवेश अर्जात विद्यार्थ्याची जात, उत्पन्न, आधार, बँक खाते आणि पालकांचा दूरध्वनी एकत्र येतात. अकरावी-बारावीचे बहुतेक विद्यार्थी कायद्याच्या दृष्टीने अल्पवयीन असतात. शिष्यवृत्तीची यादी जात आणि खाते क्रमांकासह सूचनाफलकावर लावणे किंवा व्हॉट्सॲप गटावर टाकणे यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. पण ज्या हेतूने माहिती घेतली त्याच्या बाहेर ती जाते. एकदा गेलेली माहिती परत आणता येत नाही.

निष्कर्ष

या परिसराने नोंदवहीची तिन्ही रूपे पाहिली आहेत. नामावळीत माणूस आपली नोंद पाहू शकत होता. सेटलमेंटच्या वहीत तो नोंदीचा बंदी झाला. जाहिरातीच्या वहीत त्याची नोंद आहे हेच त्यास दिसत नाही. खासगीपणा हा शहरी सुशिक्षितांचा प्रश्न आहे, हा समज या इतिहासापुढे टिकत नाही. नोंदीची सर्वाधिक झळ दुबळ्यांनाच बसली आहे. आपल्याविषयी काय लिहिले आहे ते वाचण्याचा आणि चुकीचे ते खोडण्याचा अधिकार प्रत्येकास मिळणे, ही कोणत्याही माहिती कायद्याची खरी कसोटी होय. त्याचा पहिला पाठ महाविद्यालयांनी स्वतःच्या कार्यालयातील नोंदींपासून गिरवावयास हवा.