विलॅमेट खोऱ्यांतील हंगामी पाणथळ

दलदल म्हटली कीं बाराही महिने साचलेलें पाणी डोळ्यांपुढें येतें. परंतु अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यांतील विलॅमेट नदीच्या खोऱ्यांत असें एक गवताळ रान आहे कीं जें वर्षाचा कांहीं काळच पाणथळ असतें. तेथें पाऊस मुख्यतः हिवाळ्यांत पडतो. मातीखालीं चिकणमातीचा घट्ट थर असल्यामुळें पाणी मुरत नाहीं, तें गवताच्या मुळांशीं उथळ उभें राहतें. वसंतांत कमासच्या निळ्या फुलांनीं तें रान भरून जातें आणि उन्हाळ्यांत तीच जमीन वाळून भेगाळते. त्या वेळीं पाहणारास ती पडीक माळाहून निराळी वाटत नाहीं. या भूमीवर ओढवलेल्या अनेक संकटांचें मूळ या दृष्टिभ्रमांत आहे.

हें रान केवळ निसर्गानें घडविलेलें नव्हे. तेथील मूळ रहिवासी कालापुया लोक उन्हाळा सरतांना माळ पेटवीत. त्यामुळें झाडेंझुडपें माजत नसत, आणि त्यांचें अन्न असलेल्या कमासच्या कंदांस मोकळी जागा मिळे. १८२६ सालीं डेव्हिड डग्लस या स्कॉटिश वनस्पतिसंग्राहकानें या खोऱ्यांतून जातांना जळालेल्या माळांची नोंद करून ठेविली आहे. पुढें रोगराईनें कालापुयांची संख्या फार घटली. १८४० नंतर वसाहतवाल्यांचे तांडे आले. त्यांच्याबरोबर नांगर आला, पाण्याचे चर निघाले आणि वणवे बंद झाले. मूळच्या ओल्या कुरणांपैकीं आज शेंकडा दोन भागही उरलेले नाहींत.

खोऱ्याच्या दक्षिण टोकास यूजीन हें शहर आहे. त्याच्या पश्चिमेची बरीचशी जागा कारखान्यांकरितां नेमलेली होती. १९८७ च्या सुमारास तिच्यांत कायद्याचें संरक्षण असलेली पाणथळ भूमि पुष्कळ आहे असें आढळून आलें. तेव्हां शहरानें नकाशा पुढें घेतला. कोणता तुकडा राखावयाचा, कोणता बांधकामास सोडावयाचा, कोणता पूर्वस्थितीस आणावयाचा, हें ठरवून १९९२ सालीं योजना मंजूर केली. मध्यवर्ती सरकारचें भूव्यवस्थापन खातें आणि नेचर कॉन्झर्व्हन्सी ही संस्था यांनींही या कामास हात लावला.

परंतु याच पट्ट्यांतून ‘वेस्ट यूजीन पार्कवे’ हा रस्ता नेण्याचा बेत त्याही आधींचा होता. रस्त्याची बाजू पोकळ नव्हती. जुन्या मार्गावर वाहनांची दाटी होत असे, आणि २००१ च्या मतदानांत नागरिकांनीं थोड्या मताधिक्यानें रस्त्यालाच कौल दिला. उलट पक्षाचें म्हणणेंही तितकेंच सबळ होतें. अशा भूमींत पाणी पातळ थरानें पसरत जातें. मध्यें भराव पडला कीं एका अंगास तें तुंबतें व दुसरें अंग कोरडें पडतें. शिवाय हा मार्ग संरक्षणार्थ घेतलेल्या सरकारी जमिनीवरूनही जाणार होता. अखेर नगरमंडळानें आपला पाठिंबा काढून घेतला, आणि २००७ सालीं मध्यवर्ती महामार्ग खात्यानें रस्ता न बांधण्याचा पर्याय स्वीकारला.

रस्ता टळला म्हणून कुरण आपोआप जगलें, असें मात्र नव्हे. मोकळें सोडल्यास त्यांत झुडपें शिरतात. म्हणून तेथें आतां पुन्हा ठरवून आग लावली जाते, गवत कापलें जातें, देशी बियाणें पेरलें जातें. अशा श्रमांचें फळही दिसून येत आहे. ब्रॅडशॉ लोमेशियम हें पिवळ्या फुलांचें रोप १९८८ पासून संकटग्रस्त जातींच्या यादींत होतें. तें २०२१ सालीं यादींतून वगळण्याइतकें सावरलें. नामशेष समजलेलें फेंडरचें निळें फुलपांखरूं १९८९ सालीं पुन्हा आढळलें. त्याच्यावरील संकटाची तीव्रता उणी झाल्याचें २०२३ सालीं सरकारनें मान्य केलें.

कालापुयांचा वणवा, शहराचा नकाशा आणि आजची राखण या तिहींच्या मुळाशीं एकच गोष्ट आहे: त्या जमिनीला वर्षाच्या सर्व ऋतूंत ओळखणें. रस्त्याची आंखणी करणारानें उन्हाळ्यांत पाहिलेला माळ एकदां हिवाळ्यांतही पाहून यावा, हा धडा यूजीनच्या या इतिहासांतून मिळतो.