स्वेटरचा गळा

अमरावतीहून नागपूरच्या सडकेला लागले की थोड्याच वेळात नांदगाव पेठ येते. आमच्या जिल्ह्यात मोठी नांदगावे दोन. एक खंडेश्वराचे आणि दुसरे हे पेठेचे. पेठ म्हणजे बाजार, हे शाळेतल्या पोरालाही सांगावे लागत नाही. आज या गावाच्या शिवारात कापड उद्योगाची मोठी वसाहत उभी आहे. २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमातून पंतप्रधानांनी अमरावतीच्या एक हजार एकरांच्या 'पीएम मित्र' वस्त्रोद्यानाची पायाभरणी केली, तेही याच परिसरातले. शेतातल्या बोंडापासून तयार कपड्यापर्यंत सारे काही एका ठिकाणी व्हावे, असा त्यामागचा विचार आहे.

एवढ्या मोठ्या कारभाराच्या दाराशी उभे राहून मी तुमच्याशी बोलणार आहे ते एका वीतभर पट्टीविषयी. हाताने विणलेल्या स्वेटरच्या गळ्याला जी पट्टी असते, तिच्याविषयी. काही गुरुजी हसतील, की इतिहासाच्या प्राध्यापकाने लढाया आणि तह सोडून हे काय आरंभले! पण थोडे थांबा. लढाई आणि तह दोन्ही पुढे येणार आहेत.

मूळ अडचण अगदी साधी आहे. माणसाचे डोके मोठे आणि मान बारीक. डोके आत जाईल एवढे भोक ठेवले तर मानेशी कपडा सैल लोंबतो. मानेला बसेल एवढे ठेवले तर डोके जात नाही. लहान मुलाच्या बाबतीत ही अडचण अधिक, कारण अंगाच्या मानाने त्याचे डोके फार मोठे असते. "काहून बाप्पा, डोक्स्यातून जाऊनच नाही राह्यलं!" हे वाक्य हिवाळ्याच्या सकाळी कोणत्या घरात ऐकू येत नाही?

आमच्या जुन्या पोशाखाने या अडचणीला बगल दिली होती. धनगराची घोंगडी घ्या. तिला गळाच नाही. पाऊस आला, एक कोपरा दुमडला, खोळ करून डोक्यावर घेतली, काम झाले. बाराबंदी घ्या. तिला डोके घालायचे भोक नाही. पुढचे पदर एकमेकांवर आडवे घ्यायचे आणि बंदांनी बांधायचे. शिवलेला कपडा आपल्याला ठाऊकच नव्हता असे मात्र कोणी समजू नये. अजिंठ्याच्या भिंतींवर शिवलेले, बाह्यांचे अंगरखे घातलेली माणसे चांगली स्पष्ट दिसतात. पण डोक्यातून घालायचा आणि मानेला आपोआप घट्ट बसायचा कपडा, ही गोष्ट निराळी. ती कात्रीने साधत नाही. तेथे ताणली जाणारी आणि परत आखडणारी वीण लागते.

मागावरच्या कापडात उभे आणि आडवे असे दोन धागे असतात. सुयांवरच्या विणीत एकच धागा असतो आणि तो फाशाफाशांनी पुढे जातो. फासा ओढला की लांबतो, सोडला की जागेवर येतो. मराठीत आपण दोहोंनाही 'विणकाम' म्हणतो. त्यामुळे मुलांचा घोटाळा होतो. शिक्षकांनी हा भेद एकदा फळ्यावर काढून दाखवावा.

आता या सुयांवरच्या विणीचा जुना पुरावा कोठे सापडतो? इजिप्तमध्ये. अकराव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यानचे पायमोजे आणि त्यांचे तुकडे तेथे मिळाले. पांढऱ्या आणि निळीत रंगवलेल्या धाग्यांची त्यांवर नक्षी आहे. आणि धागा कशाचा? लोकरीचा नव्हे, कापसाचा! वऱ्हाडच्या माणसाने हे लक्षात ठेवावे. विणकाम म्हणजे लोकर आणि लोकर म्हणजे थंड मुलूख, हे समीकरण मागाहून झाले.

गळ्याचा सर्वात बोलका जुना दाखला एका चित्रात आहे. जर्मनीत हॅम्बुर्गच्या कलासंग्रहालयात इ. स. १४००च्या सुमाराचे, मास्टर बेरट्राम या चित्रकाराच्या नावाने ओळखले जाणारे एक वेदीचित्र आहे. त्यात येशूची आई मेरी बसून एक लहान अंगरखा विणते आहे. अंग झाले आहे, बाह्या झाल्या आहेत, आणि तिच्या चार सुया गळ्याभोवती फिरत आहेत. येशूचा झगा बिनशिवणीचा होता असे बायबलात म्हटले आहे. चित्रकाराच्या मनात तेच असावे. पण त्याने काम अर्धवट दाखवताना नेमका गळाच उघडा ठेवला. हा गृहस्थ विणणाऱ्या बायकांजवळ बसून पाहणारा होता, असे मला वाटते.

मात्र नुसत्या सुलट विणीचा काठ गुंडाळतो, हे ज्यांनी सुया हातात धरल्या त्यांना ठाऊक आहे. एक सुलट, एक उलट असे टाके घातले की पट्टी लवचिक होते आणि गळा मानेला धरून राहतो. म्हणजे उलट टाका आला नसता तर आजची गळपट्टी झाली नसती. फ्लॉरेन्सची डचेस एलिओनोरा १५६२ साली वारली. तिच्या थडग्यातून निघालेल्या रेशमी मोज्यांवर उलट टाक्यांची नक्षी आहे. या टाक्याच्या जुन्या पुराव्यांत तो नेहमी सांगितला जातो.

पुढे इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या समुद्रातली दोन बेटे या धंद्यात नावारूपाला आली, जर्सी आणि गर्न्सी. आपण थंडीत 'जर्सी' घालतो ती पहिल्या बेटाची. आणि दुसरे? 'गर्न्सी फ्रॉक' म्हणजे तिकडच्या कोळ्यांचा, खलाशांचा घट्ट विणीचा लोकरी सदरा. बोटींबरोबर तो शब्द आपल्याकडे आला आणि आपल्या जिभेने त्याचा केला 'गंजिफ्रॉक'! बंगाल्यांनी नुसते 'गेंजी' ठेवले. आपल्या आजोबांनी सदऱ्याच्या आत घातलेल्या सुती गंजिफ्रॉकच्या नावात त्या समुद्रावरच्या वादळी हवेचा सदरा लपलेला आहे.

त्या मूळ सदऱ्याचा गळा पाहण्याजोगा असे. पुढचा भाग आणि पाठ अगदी सारखी, म्हणून तो कोणीकडूनही घालता येई आणि कोपरे दोन्ही बाजूंनी झिजवता येत. पण पुढे गळा खाली घेतलेला नसल्यामुळे तो कंठाला लागे. त्यावर तोड म्हणून खांद्यापाशी मानेच्या दोन्ही अंगांना लहान त्रिकोणी तुकडा विणीत घालीत. आज आपण पुढचा गळा चार बोटे खाली घेतो आणि ही कटकट मिटवतो.

आता तह आणि लढाई. २१ मे १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. त्याच सुमारास तिकडे क्रिमियाचे युद्ध पेटले, आणि त्या युद्धाने कपड्यांना तीन नावे दिली. पुढून उघडा, गुंड्यांचा स्वेटर तो 'कार्डिगन', हे एका घोडदळाच्या सरदाराचे नाव. गळ्यापासून बगलेपर्यंत तिरकी जाणारी बाही ती 'रॅग्लन', हे सेनापतीचे नाव. वॉटर्लूच्या लढाईत त्याचा उजवा हात गेला होता. तिसरे नाव बालाक्लाव्हा या गावाचे; तीच आपली माकडटोपी. रॅग्लनमध्ये बाहीच थेट गळ्यापर्यंत येत असल्याने गळ्याच्या घेरात बाहीचे टाकेही मोजावे लागतात. हे विसरले की गळा हमखास चुकतो.

वऱ्हाड हाती आल्यावर इंग्रजांची नजर होती ती येथल्या कापसावर. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस बंद पडला आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. लिव्हरपूलच्या बाजारात एक जातच 'ऊमरा' या नावाने विकली जाई. ती ऊमरा म्हणजे आमची उमरावती, अर्थात अमरावती. कापूस आमचा, गाठी बांधून गेला. परत आला तो कापड होऊन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात आणि नंतर इतरत्र विणीचे कारखाने निघाले, तेव्हा कोठे देशी गंजिफ्रॉक मिळू लागला.

एक गोष्ट येथे सांगून टाकतो. सुती गंजिफ्रॉकचा गळा धूत-धूत सैल होतो, अशी सर्वांची तक्रार. त्यात यंत्राचा दोष थोडा आणि धाग्याचा स्वभाव जास्त. लोकरीच्या तंतूला स्वतःचा पीळ आणि उसळी असते. कापसाच्या तंतूला ती फारशी नसते. म्हणून सुती धाग्याने हाताने विणायचे तर गळपट्टी अंमळ आवळ आणि अरुंद ठेवावी.

हातविणीचा स्वेटर मात्र आमच्या घरांत आला तो मिशनच्या शाळा, मुलींच्या शाळांतले शिवण-विणकामाचे तास आणि पुढे बायकांच्या मासिकांतले नमुने, अशा वाटांनी. १९३७च्या वर्धा परिषदेनंतर शाळेत टकळी आली, सूत आले. सुयांचे विणकाम मात्र 'मुलींचा विषय' म्हणून कोपऱ्यातच राहिले. खरी शाळा ओट्यावर भरत असे. थोरल्या जावेने टाके घालून द्यायचे, धाकटीने अंग विणायचे आणि गळ्याशी आले की पुन्हा थोरलीकडे न्यायचे. अंग कोणीही विणावे. गळा जाणत्या हाताने काढावा, अशी रीत होती. ही विद्या कोणी लिहून ठेवली नाही. तहाची तारीख आपल्याजवळ आहे, पण गावात पहिला गळा कोणी काढला ते नाव कोठल्याच दप्तरात नाही, याचे इतिहासाच्या माणसाला वाईट वाटते.

त्या जाणत्या हाताचे काम काय होते, ते सांगतो. पुढच्या भागाचे मधले टाके बंद न करता एका दोऱ्यात ओवून ठेवायचे. दोन्ही अंगांना गळ्याच्या बाजूने टाके कमी करीत खांद्यापर्यंत जायचे. मग उजवा खांदा जोडायचा आणि डाव्या खांद्यापासून गळ्याभोवती टाके उचलायचे; काठाचा अख्खा टाका सोडून आतून, म्हणजे भोके दिसत नाहीत. उभ्या काठावर चार ओळींमागे तीन टाके. कमी उचलले तर गळा चुण्या पडून ओढला जातो, जास्त उचलले तर झालर होते. अंग दहा नंबरच्या सुयांवर असेल तर पट्टी बारा नंबरच्या, म्हणजे बारीक सुयांवर. शेवटी टाके बंद करताना मात्र पुन्हा जाड सुई घ्यायची आणि हात सैल सोडायचा. पुष्कळ स्वेटर बिघडतात ते येथे. पट्टी सुरेख होते आणि शेवटच्या ओळीत हात आवळतो, की डोके अडकलेच. त्याहून चांगली रीत म्हणजे पट्टी दुप्पट उंच विणून आत दुमडायची आणि सुटे टाके एकेक करून आतल्या बाजूस सैल टाचायचे. इंग्रजी व्हीसारखा गळा असेल तर टोकाला मधला एक टाका कायम ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका कमी करीत जायचे.

तान्ह्यासाठी याहून सोपी युक्ती आहे. डावा खांदा जोडायचाच नाही. तेथे पट्टी विणून दोन-तीन गुंड्या लावायच्या. मोठ्या डोक्याचा प्रश्न मानेशी न सोडवता खांद्याशी सोडवला! ज्या कोणा बाईला हे प्रथम सुचले तिला माझा नमस्कार.

आज हिवाळा लागला की आमच्या शहरांत तिबेटी लोकांची स्वेटरची दुकाने लागतात. माल यंत्राचा, बहुतेक लुधियान्याकडचा, आणि हातविणीच्या लोकरीच्या खर्चापेक्षा स्वस्त. घेणाऱ्याला मी दोष देत नाही. नांदगाव पेठेच्या कारखान्यांत आमच्या मुलींना काम मिळाले तर मला आनंदच आहे.

पण शिक्षकमित्रहो, इतिहासाचे साधन म्हणून जुना स्वेटर मिळवायला जाल तर तो मिळणे कठीण, हेही जाणून असा. कारण लोकर महाग होती. थोरल्याला स्वेटर आखूड झाला की तो उसवून, लोकर धुऊन, लडी करून धाकट्यासाठी पुन्हा विणला जाई. आणि उसवायला सुरुवात होई ती गळ्यापासूनच, कारण धाग्याचे शेवटचे टोक तेथे असते. जी पट्टी काढायला थोरल्या जावेची वाट पाहिली, तीच सर्वात आधी जाई. एखाद्या पेटीत डांबराच्या गोळ्यांत जपलेला एखादा सापडलाच, तर तो उलटा करा आणि डाव्या खांद्यापाशी पट्टीवर बोट फिरवा. शिवण लागली तर दोन सुयांचे काम, नाही लागली तर चार सुयांचे. आणि विणणारी बाई घरात असेल, तर तिला तो गळा कोणाकडून शिकलीस एवढे विचारून वहीत उतरवून घ्या.