हॉस्पिस : डब्लिनपासून वांद्र्यापर्यंत

बरा न होणारा रोगी शेवटचे दिवस कुठे आणि कसे काढील, या प्रश्नाला आधुनिक काळात पहिले संस्थात्मक उत्तर धर्मसंस्थांनी दिले. डब्लिनमध्ये 'सिस्टर्स ऑफ चॅरिटी' या संघाच्या जोगिणींनी 1879 साली हॅरल्ड्स क्रॉस येथे मरणासन्न गरिबांसाठी घर उघडले. त्याच संघाचे सेंट जोसेफ्स हॉस्पिस 1905 मध्ये लंडनच्या हॅकनी भागात सुरू झाले. लंडनमध्येच 1893 पासून सेंट ल्यूक्स हे असेच निवासस्थान होते. तेथे स्वच्छ अंथरूण, शुश्रूषा आणि प्रार्थना मिळे. वैद्यकाचा वाटा मात्र थोडा होता. रुग्णालयांच्या दृष्टीने असा रोगी हाताबाहेर गेलेला असे.

या घरांना वैद्यकशास्त्राची जोड दिली सिसिली साँडर्स यांनी. परिचारिका, रुग्णालयातील समाजसेविका आणि 1957 पासून डॉक्टर अशा तिन्ही भूमिकांतून त्यांनी रोगी पाहिला होता. डेव्हिड तास्मा हा पोलंडहून आलेला ज्यू निर्वासित 1948 मध्ये कर्करोगाने वारला. साँडर्स यांच्या मनात असलेल्या वास्तूसाठी त्याने 500 पौंड मागे ठेवले. सेंट ल्यूक्समध्ये स्वयंसेवा करताना त्यांना एक साधी गोष्ट दिसली. तिथे वेदनाशामक ठरलेल्या वेळी दिले जाई, रोगी कळवळेपर्यंत वाट पाहिली जात नसे. 1958 पासून सेंट जोसेफ्समध्ये त्यांनी हीच पद्धत वापरली आणि शेकडो रोग्यांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. ठरावीक अंतराने तोंडावाटे दिलेल्या मॉर्फिनने वेदना आटोक्यात राहते, रोगी शुद्धीवर राहतो आणि व्यसनाची धास्ती बहुतांशी निराधार ठरते, असे त्यांतून दिसले. शरीराच्या दुखण्यात भीती, एकाकीपण, घरच्यांची चिंता आणि श्रद्धेचे प्रश्नही मिसळलेले असतात, हे सांगण्यासाठी त्यांनी 'संपूर्ण वेदना' ही कल्पना मांडली. या विचारांवर उभे राहिलेले सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस 1967 मध्ये लंडनच्या सिडनम भागात उघडले. उपचार, संशोधन आणि प्रशिक्षण तिथे एकाच छताखाली आले.

मरणप्रक्रियेकडे पाहण्याची दृष्टीही यातून बदलली. शेवटच्या आठवड्यांत भूक मंदावते, झोप वाढते. शरीर अन्न पचवून वापरू शकत नसल्याने बळजबरीने भरवल्यास मळमळ होते किंवा घास श्वासनलिकेत जातो. शेवटच्या दिवसांत लघवी कमी होते, हातपाय गार पडतात, कातडीवर निळसर ठिपके उमटतात. श्वास कधी भरभर, कधी थांबून थांबून चालतो. या लयीचे वर्णन डब्लिनच्याच जॉन चेन आणि विल्यम स्टोक्स या डॉक्टरांनी अनुक्रमे 1818 आणि 1854 मध्ये केले होते. घशात साचलेल्या स्रावामुळे घरघर ऐकू येते. नातेवाईक तिने हादरतात, पण तोवर बहुधा ग्लानीत गेलेल्या रोग्याला तिचा त्रास फारसा जाणवत नसावा, असे मानले जाते. हॉस्पिसमध्ये या खुणा घरच्यांना आधीच समजावून सांगतात. तोंड ओले ठेवणे, कूस बदलणे, धाप आणि अस्वस्थता कमी करणारे औषध देणे ही तिथली नित्याची कामे असतात.

भारतात पहिले हॉस्पिस मुंबईत उभे राहिले. टाटा मेमोरियल रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. लुईस डिसोझा यांनी 1986 मध्ये वांद्र्याला शांती अवेदना सदन स्थापन केले. अखेरच्या अवस्थेतील कर्करुग्णांना धर्म, जात न पाहता तिथे विनामूल्य ठेवून घेतले जाऊ लागले. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही संस्थेची केंद्रे निघाली. 1986 मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनांसाठी तीन पायऱ्यांची औषधयोजना जाहीर केली. तिच्या वरच्या पायरीवर मॉर्फिन होते.

भारतात नेमके तेच दुर्मिळ झाले. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने अनेक गुन्ह्यांसाठी किमान 10 वर्षांची शिक्षा ठेवली आणि प्रत्येक राज्याने वेगवेगळे परवाने मागायला सुरुवात केली. औषधविक्रेत्यांनी आणि रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. 1997 पर्यंत देशातील त्याचा वैद्यकीय वापर 90 टक्क्यांहून अधिक घटला. मध्य प्रदेश आणि राजस्थानात सरकारी परवान्याने अफू पिकत होती, त्यापासून जगभर औषधे बनत होती, आणि इथला रोगी तळमळत होता. विद्यार्थी म्हणून मॉर्फिन न हाताळलेल्या डॉक्टरांची एक पिढीच त्या काळात तयार झाली. दीर्घ पाठपुराव्यानंतर 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. अत्यावश्यक अमली औषधांसाठी देशभर सारखे नियम आले आणि राज्य औषध नियंत्रकाचा एकच परवाना पुरेसा ठरला.

अडथळ्यांच्या त्या काळातही काम वाढले ते दोन दिशांनी. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये कोळिकोडला वेदनाशमनाचे केंद्र काढले. त्यातून गावोगावच्या स्वयंसेवकांचे जाळे विणले गेले आणि शुश्रूषा रोग्याच्या घरी पोहोचली. 2008 मध्ये केरळ सरकारने त्यासाठी स्वतंत्र धोरण आखले व स्थानिक स्वराज्य संस्थांना त्यात सामील केले. पुण्यात वारजे येथे 1997 मध्ये सिप्ला फाउंडेशनचे केंद्र सुरू झाले. तेथे रोग्यासोबत राहणाऱ्या नातेवाइकालाही शुश्रूषा शिकवली जाते, कारण डिस्चार्जनंतर जखमेची पट्टी बदलणे आणि वेळेवर औषध देणे त्याच्याच हाती असते.

उपचार कुठे थांबवावेत, हा प्रश्न न्यायालयात गेला तो मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणातून. 2011 च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कडक अटींवर जीवरक्षक उपचार काढून घेण्यास मुभा दिली. 2018 मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या कलम 21 मध्ये अंतर्भूत असल्याचे सांगून न्यायालयाने पूर्वइच्छापत्राला मान्यता दिली. 2023 मध्ये त्याची किचकट कार्यपद्धती सोपी केली. हॉस्पिसची रीत उपचार काढून घेणे आणि पूर्वइच्छापत्र या दोहोंपेक्षा वेगळी आहे. ती मृत्यू लवकर आणत नाही आणि लांबवतही नाही. कर्करोगापासून सुरू झालेली ही सेवा आता हृदय, मूत्रपिंड आणि फुप्फुसांच्या जुनाट आजारांतही दिली जाते, आणि बऱ्याचदा तिची सुरुवात रोगावरचे उपचार चालू असतानाच होते.