माघारीचा पवित्रा

अमेरिकन फुटबॉल हा नांवानें पायांचा खेळ. प्रत्यक्षांत चेंडू बहुतेक वेळ हातांतच असतो. पायांची खरी करामत पाहावयाची, तर ज्यांच्या नांवावर गुण क्वचितच लागतो अशा पांच धिप्पाड गड्यांकडे पाहावें. चेंडू दूर फेकणारा क्वार्टरबॅक साथीदार मोकळा होण्याची वाट पाहत उभा असतो. त्या दोन-तीन सेकंदांत त्याच्या अंगावर कोणास येऊं न देणें हें त्यांचें काम.

आरंभीं हें काम नव्हतेंच. होती ती झुंडीची रेटारेटी. तींत इतके तरुण दगावले कीं १९०५ सालीं अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्यें बोलावून घेतलें. १९०६ सालीं चेंडू पुढें फेकण्यास मोकळीक मिळाली, आणि फेकणाऱ्याला राखण्याची विद्या जन्मास आली. १९४६ पासून क्लीव्हलंड ब्राउन्स संघांत पॉल ब्राउन यांनीं ऑटो ग्रॅहमभोवतीं रक्षकांचें द्रोणासारखें कडें उभें केलें.

तथापि रक्षकाचे हात नियमांनीं जखडलेले होते. त्यानें मुठी छातीशीं धराव्या, आणि समोरच्यानें शिरस्त्राणावर चपराक हाणून निसटावें! १९७७ सालीं ही चपराक बंद झाली. १९७८ सालीं हात लांबवून उघड्या पंजानें थोपविण्याची मुभा मिळाली. पण पंजा छातीवर टेकवावयाचा, तर आधीं अंग समोर हवें. ओझें पायांवर आलें.

कडेचा रक्षक गुडघे वांकवून, पाठ सरळ ठेवून, जणू अदृश्य चौरंगावर बसतो. चेंडू हलतांच बाहेरचा पाय तिरका मागें सरकवितो. आंतला पाय जमिनीलगत तितकाच ओढून घेतो. दोन पायांतलें अंतर मिटूं द्यावयाचें नाहीं, पाय एकमेकांना ओलांडावयाचे नाहींत. ते जुळले कीं एका धक्क्यानें पहाडासारखा गडी कोलमडतो. फार सरला, तर प्रतिस्पर्धी आंतून घुसतो, आणि ती वाट जवळची. कमी सरला, तर कडेनें निघून जातो. मागें सरणाऱ्यानें पुढें धांवणाऱ्याला गाठावयाचें, असा हा उफराटा न्याय! सिनसिनाटी बेंगल्सच्या अँथनी मुन्योझनें १९८० ते १९९२ तो विलक्षण सहजतेनें साधला. एवढ्या देहांत ही चपळाई कोठली, असें नवल करणाऱ्यांनीं तो महाविद्यालयांत बेसबॉलही खेळे हें ध्यानांत घ्यावें.

उजव्या हातानें फेकणाऱ्याला डावीकडून येणारा दिसत नाहीं. १८ नोव्हेंबर १९८५ च्या रात्रीं वॉशिंग्टनच्या जो थाइझमनवर लॉरेन्स टेलर झडपला. त्याच्या उजव्या पायाचीं हाडें मोडलीं आणि तो पुन्हां खेळला नाहीं. १९९३ सालीं खेळाडूंना संघ बदलण्याची मोकळीक मिळाली, तेव्हां डाव्या टोकाच्या रक्षकांचीं वेतनें रांगेंतल्या इतरांना मागें टाकून गेलीं.