मांसात टोचायचा थर्मामीटर कसा निवडाल? येडशीत उकळतं पाणी 100 का दाखवत नाही?

धुरावर मांस तासन्‌तास मंद शिजतं. बाहेरून रंग चढला, तरी आतून ते कच्चं राहू शकतं आणि त्यातून पोट बिघडतं. म्हणून आतलं तापमान मोजणं महत्त्वाचं.

किती तापमान हवं?
चिकन आतून 74 अंश सेल्सिअस. मटणाचा अख्खा तुकडा किमान 63 अंश, आणि मग 3 मिनिटं तसाच ठेवावा. उस्मानाबादी शेळीची मांडी किंवा खांदा सुटून यावा असा मऊ हवा असेल, तर 90 अंशांच्या पुढे.

कोणता घ्यावा?
बारीक टोकाचा डिजिटल. त्याचा सेन्सर टोकाशीच असतो. काट्याच्या थर्मामीटरमध्ये तो दांडीत 5-6 सेंटिमीटर पसरलेला असतो, त्यामुळे लहान तुकड्यात चूक होते. इन्फ्रारेड फक्त वरचं तापमान सांगतो. प्रोब भट्टीतच ठेवायचा असेल, तर त्याची वायर किती उष्णता सोसते ते पाहा.

तपासायचा कसा?
ग्लासभर ठेचलेल्या बर्फात थोडं पाणी घालून ढवळा आणि टोक मधोमध धरा. 0 अंश दिसायला हवं. एखाद्या अंशाचा फरक चालतो.

उकळत्या पाण्यात मात्र गावाची उंची बघा. दर 300 मीटरला उत्कलनबिंदू साधारण 1 अंशाने उतरतो. येडशी बालाघाटच्या डोंगररांगेत, साधारण 600 ते 700 मीटरवर आहे. इथे 98 हाच बरोबर आकडा. तुमचा थर्मामीटर 100 दाखवत असेल, तर तो 2 अंश जास्त सांगतोय. म्हणजे 74 वाचून उतरवलेलं चिकन प्रत्यक्षात 72 अंशांवरच असू शकतं.