सहाव्या संख्येने मोडलेला अंदाज

२ च्या १, २, ४, ८, १६ या घातांत १ मिळवू. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या संख्या मिळतात. पाचही मूळ! अशा सर्वच संख्या मूळ असाव्यात, असा अंदाज फ्रेंच गणिती फर्मा यांनी १६४० मध्ये मांडला; सिद्धता दिली नाही.

सहावी संख्या २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७. १७३२ मध्ये ऑयलर यांनी तिचे अवयव दाखवले : ६४१ × ६७,००,४१७. या संख्येच्या मूळ अवयवाला ६४ ने भागल्यास बाकी १ उरते, हेही त्यांनी पुढे सिद्ध केले. मग १९३, २५७, ४४९, ५७७ तपासल्यावर पाचव्याच प्रयत्नात आपण ६४१ पाशी पोहोचतो. वर्गात हा भागाकार जरूर करून पाहू.

पहिल्या पाचांनंतर या मालिकेत आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही. पण पुढे कधीच सापडणार नाही, हेही अजून कोणी सिद्ध केलेले नाही.