मळवलीची शंभर घरं आणि परदेशातल्या चर्चची वर्गणी

मावळातल्या मंडळींना आठवत असेल. २००६ च्या ऑक्टोबरअखेरीस अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर पत्नी रोझलिन यांच्यासह मळवलीला आले होते, भाषण द्यायला नाही तर बांधकामावर काम करायला. देशोदेशीच्या स्वयंसेवकांसोबत तिथे शंभर घरं उभी राहिली. ब्रॅड पिटही येऊन गेला आणि चर्चा त्याचीच जास्त झाली. मला मात्र त्यामागच्या संस्थेची, म्हणजे 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी'ची गोष्ट जास्त मोलाची वाटते.

ती सुरू होते अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात. १९४२ साली क्लॅरेन्स जॉर्डन या बाप्टिस्ट धर्मोपदेशकाने अमेरिकस गावाजवळ 'कोइनोनिया' नावाची शेती काढली. तिथे काळे-गोरे एकत्र राबायचे, एकाच पंगतीला जेवायचे. त्या काळात, त्या मुलखात हे भयंकरच होतं. १९५० च्या दशकात त्यांच्यावर गोळीबार झाला, बॉम्ब टाकले गेले. दुकानदारांनी बियाणं-खत देणं बंद केलं. म्हणजे चक्क वाळीत टाकलं! पोस्टाने पिकन नावाचा सुकामेवा विकून ही माणसं तगली.

१९६५ मध्ये तिथे मिलार्ड फुलर आला. वकील, तिशीच्या आत लखपती, पण संसार मोडायला आलेला. त्याने आणि पत्नी लिंडाने सगळं विकून गोरगरिबांना वाटून टाकलं होतं. १९६८ मध्ये जॉर्डन आणि फुलर यांनी एक निधी काढला. नियम साधे होते. घर फुकट द्यायचं नाही. नफा घ्यायचा नाही. व्याज लावायचं नाही. ज्याचं घर त्याने बांधकामात हातभार लावायचा, पैसे हप्त्याने फेडायचे आणि त्या हप्त्यांतून पुढच्याचं घर बांधायचं. गरिबाकडून व्याज घेऊ नये ही बायबलमधली आज्ञा त्यांनी शब्दशः पाळली. जॉर्डन पुढच्याच वर्षी वारले.

१९७३ मध्ये फुलर कुटुंब चर्चच्या कामासाठी झैरेत, म्हणजे आजच्या काँगोत, म्बंडाका शहरात गेलं. तिथेही हीच पद्धत चालली. परत आल्यावर १९७६ मध्ये हॅबिटॅटची स्थापना झाली. अमेरिकेतल्या गावोगावच्या शाखांनी एक प्रथा पाळली. खास कामासाठी राखून न ठेवलेल्या देणग्यांचा दहावा हिस्सा परदेशातल्या घरांसाठी द्यायचा. ख्रिस्ती लोक त्याला दशांश म्हणतात. १९८३ मध्ये फुलर निधीसाठी अमेरिकस ते इंडियानापोलिस ७०० मैल, म्हणजे अकराशे किलोमीटरच्या वर, पायी चालला. आपल्याकडे वारीचा अनुभव असलेल्यांना हे अंतर किती ते वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी आंध्रातल्या (आता तेलंगणातल्या) खम्ममला संस्थेचं भारतातलं काम सुरू झालं. कार्टर पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या कामावर हातोडा घेऊन उतरले, ते नव्वदी ओलांडेपर्यंत.

आता चर्चचा पैसा म्हटला की आपल्याकडे लगेच विचारतात, 'धर्मांतर करायला आलेत का?' विचारा की! सार्वजनिक कामाचा पैसा कुणाचाही असो, प्रश्न झालेच पाहिजेत. घराच्या बदल्यात धर्मप्रचार करायचा नाही, घर देताना धर्म पाहायचा नाही, असं या संस्थेचं धोरण आहे. पण माझ्या मते धोरणापेक्षा महत्त्वाचा आहे तो हप्ता. फुकट मिळालेल्या घराचे उपकार माणसाला जन्मभर वाहावे लागतात. देणारा दारात आला की मान खाली घालावी लागते, मग तो चर्चवाला असो, मठवाला असो की निवडणुकीतला उमेदवार. जो स्वतः विटा वाहतो आणि हप्ता फेडतो, तो कुणाचा मिंधा राहत नाही. उलट त्याच्या हप्त्यातून दुसऱ्याचं घर होतं, म्हणजे तोही देणाराच झाला.

आपल्याकडे घरकुलाच्या चाव्या वाटताना फोटोत पुढारी मधोमध असतो आणि घरवाली बाई कोपऱ्यात. कुणीही घरं बांधायला आलं, आपलं असो की परकं, तर मी दोनच गोष्टी विचारीन. घर नावावर कुणाच्या होणार? आणि घर मिळाल्यावर त्या माणसाला कुणापुढे वाकावं लागणार का? तुम्हीही विचारा.